गाडीत बसून राहणारी हेर

शनिवार, ऑगस्ट १९८४, गणेश चतुर्थीच्या आधीचा. स्थळ: क्वात्र बॉर्न, आमच्या घरातलं जेवणाचं टेबल. हजर: मी, खेळ चालवणारी. माझा धाकटा भाऊ. त्याचं पात्र नेमबाज. भावाचा शाळेपासूनचा मित्र, प्लेन मान्येनला राहणारा, विमानतळावर सामानाच्या विभागात कारकून. त्याचं पात्र ड्रायव्हर आणि कुलपं उघडणारा. माझी मावसबहीण, तिचं पात्र निःशस्त्र. स्वयंपाकघरात आई; खेळात नाही, पण सगळं ऐकू येईल इतक्या अंतरावर. उशिरा आणि न बोलावता हजर: मावसबहिणीचा भाऊ.

दर शनिवारी खेळ सुरू करण्याआधी मी अशी हजेरी लिहीत असे. ऑफिसात बैठकांची टिपणं माझ्याकडे, देवळाच्या मंडळातही माझ्याकडेच. भाऊ म्हणायचा, "ताई, आपण हेर आहोत. हेरांची हजेरी घेत नाहीत."

"म्हणूनच ते हरवतात," मी म्हणायचे.

खेळाचा खोका भावाने लंडनहून आणला होता, हिशेबनिसाचं शिक्षण संपवून परत येताना. आत एक जाड पुस्तक, दहा बाजूंचे दोन फासे आणि कोऱ्या कागदांची चळत. पट नाही, सोंगट्या नाहीत, कोणी जिंकत नाही की हरत नाही. एकाने प्रसंग सांगायचा: भिंत आहे, भिंतीपलीकडे कुत्रं आहे. बाकीच्यांनी आपापल्या पात्राच्या वतीने सांगायचं की मी आता काय करतो. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. पात्रं सगळी हेर. आईला हे समजावलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे बसून थापा मारायच्या. त्याला फासे कशाला?"

पुस्तक शेवटपर्यंत वाचणारी घरात मी एकटीच, म्हणून खेळ चालवणं माझ्याकडे आलं. आमच्या टेबलावर नियम इंग्रजीत, भांडणं आमच्या बेटाच्या क्रेओल बोलीत आणि टोमणे मराठीत चालत. इथे सगळं मराठीत लिहिते आहे. शनिवारी सकाळी देवळात मुलांना मराठी शिकवायची आणि स्वतः लिहायची वेळ आली की पळ काढायचा, हे बरं दिसत नाही.

मावसबहिणीला तिचा शनिवार सहज मिळाला नव्हता. मावशीला अर्धांगाचा झटका आला तेव्हा ती राजधानीत, पोर्ट लुईला, एका कचेरीत टायपिस्ट होती. कोणीतरी घरी राहायला हवं होतं, आणि त्या घरात "कोणीतरी" म्हटलं की तीच. नोकरी सोडली. भरवणं, कूस बदलणं, औषधं, कपडे, सगळं आठवडाभर. शेवटी तिच्या धाकट्या भावाने शनिवारची दुपार आपल्याकडे घेतली: जेवणानंतर दिवेलागणीपर्यंत तो आईजवळ बसणार आणि ती आमच्याकडे येणार. आठवड्यातला तेवढाच वेळ तिचा.

पात्र घडवताना प्रत्येकाला सारखे गुण मिळतात आणि ते वेगवेगळ्या कसबांवर वाटायचे असतात. भावाने जवळजवळ सगळे नेमबाजीवर ओतले. त्याच्या मित्राने, ज्याला आम्ही विमानतळवाला म्हणायचो, गाडी आणि कुलपं घेतली. मावसबहिणीने बोलणं, ऐकलेलं लक्षात ठेवणं आणि माणूस ओळखणं घेतलं. नेमबाजीपुढे शून्य.

"शत्रू समोर आला तर काय करशील?" भावाने विचारलं. "गोष्ट सांगशील?"

"सांगेन की, दादा. तुझ्यासारखा असला तर गोष्ट संपायच्या आत झोपेल."

पण तिला गोष्ट सांगायची वेळ आलीच नाही. पुस्तकात तयार कामगिऱ्या होत्या, त्या मी क्रमाने घेत गेले. सगळ्या बर्फातल्या, परक्या शहरांतल्या, आणि प्रत्येकीच्या शेवटी गोळीबार. भाऊ पिंपांमागून गोळ्या झाडायचा, विमानतळवाला गाडी पुलावरून उडवायचा. ती म्हणायची, "मी गाडीत थांबते." पहिल्यांदा सगळे हसलो. नंतर ते ठरूनच गेलं. मग ती विणकाम आणू लागली. गोळीबार लांबला की उठून आईला कांदा चिरून द्यायची, आणि संपला की आम्ही तिला हाक मारायचो.

त्या शनिवारच्या आधीच्या रविवारी ती मला बाजारात भेटली. कपड्यांच्या ओळीत उभी राहून मावशीसाठी मऊ कापडाचा गाऊन बघत होती.

"ताई, येत्या शनिवारी येईन," ती म्हणाली. "त्यानंतर नाही."

"का गं?"

"आमचा धाकटा म्हणतो, तिथे जाऊन गाडीतच बसायचं असेल तर घरी बस. त्याचे पण शनिवारी फुटबॉलचे सामने असतात." गाऊनची शिवण उलटून बघत ती पुढे म्हणाली, "खोटं कुठे बोलतोय?"

मी समजूत घातली नाही. समजुतीने शनिवार राहिला नसता. तो एकदा सुटला की कोणी आपण होऊन तिच्या हातात परत देणार नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. मी म्हटलं, "ये शनिवारी. विणकाम आणू नकोस."

म्हणजे मला काम मिळालं होतं, आणि मुदतही. काम आणि मुदत असली की मला बरं वाटतं.

सोमवारी पोर्ट लुईच्या बसमध्ये मी आधीच्या शनिवारांचा विचार करत बसले. गोळीबारात माझा भाऊ नक्की काय करायचा? आडोसा घ्यायचा. वाकून पुढे सरकायचा. झाडू की थांबू ते ठरवायचा. चुकला तर जागा बदलायचा. एका गोळीबारात डझनभर लहान निर्णय, आणि प्रत्येक निर्णयाला सगळ्यांचे डोळे फाशांवर. ती कधी पहारेकऱ्याशी बोलते म्हणाली तर मी काय करायचे? "टाक फासा." पडला. पहारेकऱ्याने ऐकलं. संपलं. तिचं कसब चांगलंच होतं, पण पुस्तकाने त्याला अर्धं पान दिलं होतं आणि मी एक फासा.

तेव्हा पहिला नियम ठरला: बोलण्यालाही गोळीबारासारख्या फेऱ्या. पण फेरीत करायचं काय? आडोशाऐवजी काय घ्यायचं? ते मला मंगळवारी आईने दाखवलं, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

मंगळवारी संध्याकाळी एक विमा विकणारा तरुण आमच्या दारात आला. टाय, चामड्याची बॅग, पाठ केलेलं पहिलं वाक्य. ते वाक्य आईने पूर्ण होऊ दिलं नाही.

"कुनाचा रे तू?"

त्याने आडनाव सांगितलं.

"ते नाय. कुनाचा?"

त्याने वडिलांचं गाव सांगितलं. आईने त्याला खुर्ची दिली. मग डाळीचे तिखट वडे दिले, ज्यांना इथे सगळे गातो पिमाँ म्हणतात. मग आपली एक चुलतनणंद त्याच गावाला दिली होती हे सांगितलं. मग गप्प बसली आणि तो खातो कसा ते बघत राहिली. गप्प बसणं त्याला जमेना. तो आपण होऊन बोलायला लागला. चहा संपेपर्यंत ही नोकरी त्याला सासऱ्याने लावून दिली, सासऱ्याशी त्याचं पटत नाही, आणि त्याने स्वतः कुठलाही विमा काढलेला नाही, हे सगळं आईला कळलं होतं. बॅग उघडलीच नाही. निघताना तो वाकून नमस्कार करत म्हणाला, "येतो, मावशी."

मी शेजारच्या खोलीत पेन्सिल घेऊन बसले होते. विचार, खाऊ घाल, आपलं काही दे, थांब. चार चाली. आडोसा, झाडणं, सरकणं यांच्याइतक्याच पक्क्या.

बुधवारी कामगिरीचा पहिला आराखडा केला आणि वाचून बघितला तर तो निकामी होता. त्यात मावसबहीण एका घरात जाऊन तासभर बोलत होती आणि दोघे पुरुष बाहेर गाडीत. फक्त गाडीत बसणारं माणूस बदललं होतं, आणि माझा भाऊ विणकाम शिकणाऱ्यांतला नाही. त्यांनाही आत न्यायला हवं होतं. पण आत न्यायचं कोण म्हणून?

इथे पुस्तकाने हात टेकले. पुस्तकातला हेर गर्दीत मिसळून जातो. क्वात्र बॉर्नच्या गर्दीत मिसळून दाखवा! बसथांब्यावर कोणीतरी विचारणारच, आई कशी आहे, आणि तू ह्या बाजूला कशी? ह्या बेटावर अनोळखी राहून कोणी हेरगिरी करू शकणार नाही. इथल्या हेराला कोणाचातरी कोणीतरी व्हावंच लागेल. आणि बंदूक? एक गोळी झाडली की सगळी गल्ली दारात, आणि त्यातले निम्मे नातेवाईक. म्हणून मी बर्फ पुसून टाकला आणि कामगिरी आमच्याच गावात आणली. बंदुकीवर बंदी घातली नाही. फक्त ती झाडली की डाव आटोपणार, एवढं लिहून ठेवलं.

कामगिरी अशी: क्वात्र बॉर्नच्या एका म्हाताऱ्या बाईकडे माडीवर भाडेकरू आहे. त्याने बंदराचे चोरून फोटो काढलेत. फिल्मची गुंडाळी बिस्किटांच्या डब्यात घालून तो डबा त्याने म्हातारीजवळ ठेवायला दिला आहे. तो परदेशी निघायच्या आत डबा आणायचा. चतुर्थी जवळ आली की देवळाची माणसं घरोघर आमंत्रण द्यायला जातात, तेव्हा तिघांनी तसं जायचं: मावसबहीण मोठी बहीण, माझा भाऊ तिचा धाकटा भाऊ, विमानतळवाला तिचा नवरा, म्हणजे त्याचा मेहुणा. म्हातारीचं पात्र माझ्याकडे. तिच्या चाली मी आईकडून उचलल्या होत्याच. एक जास्तीची घातली: संशय आला तर म्हातारी परीक्षा घेणार.

शनिवारी विमानतळवाला उशिरा आला. ऊसतोडणीचे दिवस, रस्ताभर उसाच्या लॉऱ्या आणि त्यांच्या मागे बस. बाहेर आमच्या गावचा ऑगस्टमधला भुरभुर पाऊस. मावसबहीण विणकाम न आणता आली होती आणि हात कुठे ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

मी प्रसंग सांगितला. भावाने लगेच विचारलं, "मागची भिंत किती उंच?"

"तिच्यावर शेजारणीचे कपडे वाळत आहेत. शेजारीणही तिथेच आहे."

"बाजूची?"

"तिकडे शेजारणीची सून."

"छप्पर?"

"छपरावर दोघे जण पत्रा दुरुस्त करताहेत. तुझ्या वडिलांना ओळखतात."

विमानतळवाल्याने फासे खाली ठेवले. "ताई, असल्या गावात हेराने करायचं तरी काय?"

"दार वाजवायचं," मावसबहीण म्हणाली.

तिने दार वाजवलं. मी म्हातारी झाले. "कुनाची गो तू?"

स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "माझा आवाज काढतेस काय?"

पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या. मावसबहिणीने गाव सांगितलं, आमंत्रण दिलं, खुर्ची मिळाली. मग म्हातारी विमानतळवाल्याकडे वळली. "आनि हा कोन?"

त्याने घाबरून समोरच्या कागदावर बघितलं. "मी… जावई."

"कुनाचा जावई?"

"ह्यांचा," त्याने माझ्या भावाकडे बोट दाखवलं.

"एवढ्याशा पोराला लग्नाची पोर?"

"मेहुणा म्हणायचंय त्याला, मावशी," मावसबहीण हसत म्हणाली. "लग्न नवीन आहे. नाती अजून पाठ व्हायचीत."

फासा टाकला, चांगला पडला. म्हातारी हसली आणि चहा आला. पुढच्या फेरीला मी विचारलं, काय करतेस? मावसबहीण म्हणाली, "काही नाही. चहा पिते. थांबते."

इतक्या महिन्यांत आमच्या टेबलावर कोणी आपली पाळी थांबण्यासाठी वापरली नव्हती. भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. नियमाप्रमाणे ती शांतता म्हातारीलाच भरावी लागली, आणि माडीवरच्या भाडेकरूचा विषय पहिल्यांदा निघाला. तो दिवसभर पोर्ट लुईला कामावर असतो, घरात जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. मावसबहीण पुढे सरकून बसली. तिच्या हातांना जागा सापडली होती.

मग चूक झाली, आणि ती आमच्याच घरात होऊ शकते अशी होती. भाऊ कंटाळून आईने टेबलावर ठेवलेले खरेखुरे वडे खात होता. मी म्हातारीच्या आवाजात सहज म्हटलं, "कालची कोंबडी उरलीय. सोरव्यासंगं देऊ काय थोडी?"

"हो, घेतो की," भाऊ तोंडातला वडा गिळत म्हणाला.

विमानतळवाल्याने कपाळाला हात लावला. चतुर्थीच्या आधी आमच्याकडे कोणी मांसमच्छी शिवत नाही, आणि देवळातून आमंत्रण घेऊन आलेला माणूस तर नाहीच नाही.

"आयो!" स्वयंपाकघरातून आई. "गनपती तोंडावर आनि कोंबडी?"

"मी खेळात खाल्ली, आई!"

"खेळात पन नाय!"

मी म्हातारीचा कप बशीत ठेवला. "देवळातनं आलो म्हनालात ना तुम्ही?"

भावाने फासे उचलले. "मी पिस्तूल काढतो."

"काढ," मी म्हटलं. "पण पत्र्यावरचे दोघे खाली उतरताहेत."

"थांब," मावसबहीण म्हणाली. "फेरी माझी आहे."

ती माझ्याकडे नाही, माझ्या भावाकडे वळली. तो तिच्याहून मोठा. एरवी ती त्याला दादा म्हणते.

"लाज नाही वाटत? थोडे दिवस जीभ आवर म्हणून सांगितलं होतं ना? घरी आई अंथरुणावर. तिला काय चालतं, काय नाही, ते मी बघायचं. देवळाची आमंत्रणं मी करायची. आणि तुला काम दिलं काय, तर गप्प बसून वडा खा! ते पण जमत नाही? आठवड्यातनं एक दिवस, एक दिवस बहिणीसाठी काही करायचं म्हटलं की तुझं काहीतरी निघतं. कधी पोट, नाहीतर फुटबॉल!"

"अगं पण मी आत्ताच तर आलो!" दारातून आवाज आला.

तिचा भाऊ. हातात हेल्मेट, शर्टाच्या खांद्यांवर पावसाचे थेंब. तो कधी आला ते कोणालाच कळलं नव्हतं. माझा भाऊ एवढा हसला की ठसका लागला. विमानतळवाला टेबलावर डोकं ठेवून हसत होता. मीही हसले. ती हसली नाही.

"तुला पण तेच लागू आहे," ती म्हणाली. "आईजवळ कोण आहे?"

"शेजारच्या काकी. आई झोपलीय. म्हटलं आज तुला लवकर नेतो, माझा सामना…"

"बस तिथे. माझी फेरी संपायचीय."

तो बसला. ओल्या शर्टाने, हेल्मेट मांडीवर घेऊन, भिंतीजवळच्या खुर्चीत.

"ताई, फासा टाकू?" तिने मला विचारलं.

माझ्या नियमाप्रमाणे टाकायला हवा होता. पण त्या टेबलावर एकालाही शंका उरली नव्हती, आणि शंका नसेल तिथे फाशाचं काय काम? हा नियम मी त्या क्षणी केला आणि अजून पाळते. मी म्हातारी झाले आणि हसले. "सख्खी आहेस बाय तू. सख्ख्या बहिणीशिवाय असं कुनी बोलत नाय."

मग तिने जी चाल केली ती मी कल्पिली नव्हती. तिने आपलं काही दिलं, आणि दिलं ते खरं. आई कशी अंथरुणाला खिळली, बोलताना तिला शब्द कसे सापडत नाहीत, सकाळी खिडकी उघडली की तिला कसं बरं वाटतं. पात्राच्या कागदावर ह्यातलं काही नव्हतं. भिंतीजवळच्या खुर्चीतला तिचा भाऊ हेल्मेटचा पट्टा सारखा उघडत आणि लावत होता. तिने हे त्याच्याकडे बघून सांगितलं नाही. म्हातारीला सांगितलं. मी ऐकत राहिले, कारण म्हातारीने ऐकलंच असतं.

मग म्हातारी म्हणाली, "इतके दिवस ऱ्हातोय वर, पन कुनाचा ते सांगत नाय. आनि आपला डबा माझ्या देवघरात! ज्याचा ठावठिकाना नाय त्याचं मी कशाला सांभाळू? तू पोर्ट लुईला जातेस ना? ने, त्याच्या कचेरीत देऊन टाक त्याला."

डबा तिच्या हातात आला. भिंत नाही, कुलूप नाही, गोळी नाही. भावाने टेबलावर हात आपटला. "आम्ही इतके महिने कशाला मरत होतो?"

निरोप घेताना म्हातारीने तिचा हात धरला. नातीचं लग्न आहे, तुळशीचं लग्न झालं की. यायचंच.

"येणार," मावसबहीण म्हणाली.

बाकीच्या दोघांनाही उपाशी पाठवलं नाही. गेटाबाहेर भाडेकरू समोरून आला, आणि विमानतळवाल्याला उसाच्या मळ्यांतून गाडी पळवायला मिळाली. गावापासून पुरेसं लांब गेल्यावर भावाला मागे लागलेल्या गाडीच्या टायरवर झाडायला एक गोळी. त्याचा नेम चुकला. कामगिरी रचताना प्रत्येकासाठी काहीतरी ठेवावं लागतं, नाहीतर पुन्हा कोणीतरी विणायला लागतं.

मी कागद आवरत होते तेव्हा तिच्या भावाने विचारलं, "पण डब्यात होतं काय? फिल्मच होती कशावरून?"

"पुढच्या शनिवारी कळेल," ती म्हणाली.

"पुढच्या शनिवारी मी आईजवळ असणार."

त्याने ते बोलून टाकलं आणि मग आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं. आईने आतून वड्यांची ताटली आणून त्याच्यासमोर ठेवली.

"हो," मावसबहीण म्हणाली.

"मग घरी आलीस की मला सांग," तो म्हणाला, आणि वडा घेतला.

तसंच झालं. शनिवार तिच्याकडे राहिला. त्याने फुटबॉल रविवारवर नेलं. संघातल्या पोरांनी चिडवलं, पण गोलरक्षक तोच होता. खेळ संपवून ती घरी गेली की दोघं मावशीच्या पलंगाजवळ बसायची आणि ती त्याला सगळी कामगिरी सांगायची: कोण काय म्हणालं, दादाने आज कुठे माती खाल्ली. मावशी ऐकायची. एकदा तिने मध्येच, एकेक शब्द जुळवत, विचारलं, "ती… म्हातारी… पुन्हा… येईल?" त्या दिवशी मावसबहीण पावसातून धावत आमच्याकडे आली, फक्त एवढं सांगायला की आईने अख्खं वाक्य विचारलं.

त्यानंतर मी बऱ्याच कामगिऱ्या रचल्या. एकीत भावाला बाजारात साड्यांची घासाघीस करत एका संशयिताला अडकवून ठेवायचं होतं, आणि तो इतका रंगला की शेवटी संशयितच त्याला कंटाळून पळाला. विमानतळवाल्याने पुढे नाती पाठ केली. आता आई तिच्याच चुलत घराण्यातलं नातं सांगताना चुकली तर तोच दुरुस्त करतो. पुस्तकातला गोळीबाराचा भाग मी अजून अधूनमधून काढते, कारण भावाला त्याशिवाय चैन पडत नाही. मावसबहिणीच्या पात्राच्या कागदावर नेमबाजीपुढे अजून शून्य आहे. आणि ती गाडीत बसत नाही.

एक गोष्ट तेवढी राहून गेली. तिने म्हातारीला शब्द दिला होता आणि ती तो विसरत नाही. दर वर्षी तुळशीचं लग्न झालं की विचारते, "ताई, माझं लग्नाचं आमंत्रण कुठे आहे?" पहिल्या वर्षी मला वाटलं, सोपं आहे: लग्नघर, गर्दी, भाडेकरू सूड घ्यायला येणार. पण तिने आधीच सांगून ठेवलं, "मला तिथे तिला खरं सांगायचंय. मी देवळातून आले नव्हते, डबा पोचवला नाही, हे सगळं. तिने मला तिच्या घरात बसवलं होतं."

शत्रूशी बोलायच्या फेऱ्या मी लिहू शकते. जिने खाऊ घातलं तिच्यापुढे उभं राहून खरं सांगायच्या फेऱ्या कशा असतात, ते मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. शेवटी आईलाच विचारलं. "तुझ्या घरी कोणी असं खोटं सांगून आलं, काही घेऊन गेलं, आणि मग लग्नात येऊन तुला खरं सांगितलं तर तू काय म्हणशील?"

आई तांदूळ निवडत होती. एक खडा काढून तिने बाजूला टाकला. मग म्हणाली, "आधी इचारीन, जेवलीस काय."

"आणि मग?"

"मग बघू."

लग्नाची कामगिरी: मांडव ठरला. पाहुणे ठरले. भाडेकरू वाजंत्र्यांत लपणार, तेही ठरलं. कोंबडी नाही. म्हातारीचं पहिलं वाक्य आईने दिलं. दुसरं लिहायचं आहे.